यादीबाहेरची पळती

वडवणीच्या बसस्थानकाबाहेर उभे राहा. दसरा उलटून गेलाय. बीड-परळी रस्त्याच्या कडेला ट्रक लागलेत आणि माणसं त्यांत संसार चढवताहेत. पत्र्याची पेटी, गोधड्या, घागर, कोयते, एखादी शेळी आणि सगळ्यात शेवटी पोरं. कुणाची ऊसतोडीची टोळी सांगली-कोल्हापूरकडे निघालीय, कुणाची कर्नाटकात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' अशी नोंद झालीय. उचल कधीच घेतली आणि ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात संपलीसुद्धा. बालाघाटाच्या या कोरडवाहू पट्ट्यात नाव चढायला सगळ्यात सोपी यादी हीच. तिला चाचणी लागत नाही. ओळखीचा मुकादम असला की झालं.

तुम्ही मात्र आज टोळीबरोबर जाणार नाही. तुम्हाला दुसऱ्या एका यादीच्या शोधात जायचंय, तेही काळात मागे. ही यादी खेळाडूंची. संघमालक टेबलांपाशी बसतात, एकेक नाव पुकारतात आणि पुकारलेल्या माणसाच्या पोटापाण्याची सोय होते. ज्याचं नाव कुणीच घेत नाही, त्याचं पुढे काय होतं ते पाहायचंय. त्यातही तो बचाव करणारा असेल तर जास्तच. गोल मारणाऱ्याचं, गुण मिळवणाऱ्याचं नाव लहान पोरालाही ठाऊक असतं. अडवणारा, चुकवणारा, समोरच्याला काही करू न देणारा गडी बहुधा आकड्यांच्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात सापडतो.

अट एकच. पाहायचं, वेळ आली तर पळायचं, पण मध्ये पडायचं नाही.

पहिली उडी लांबची आहे. साल १९५२, गाव लॉस एंजेलिस. तुम्ही शहर बसमध्ये आहात आणि शेजारी चोविसेक वर्षांचा उंच, काळा तरुण बसलाय. त्याच्या कपड्यांना तेलाचा वास येतोय. विमानाच्या कारखान्यात तो कामाला आहे. नोकरी लागताना त्याला वाटलं होतं की हातात कागदांच्या फायली येतील. प्रत्यक्षात हाती आले तेल गळणारे धातूचे मोठे पत्रे, दिवसभर उचलायला. नाव रिचर्ड लेन. तीन महिन्यांचा असताना टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी कुणीतरी त्याला कचऱ्यात टाकून गेलं होतं. एला लेन नावाच्या बाईंनी त्याला उचललं, आपलं नाव दिलं आणि वाढवलं.

बस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या कचेरीवरून जाते. लेन उतरतो. तुम्हीही उतरा. त्याच्या काखेत एक वही आहे. कॉलेजच्या आणि लष्करी संघाच्या सामन्यांची वर्तमानपत्रातली कात्रणं तिच्यात चिकटवलेली आहेत. बोलावणं नाही, ओळख नाही, तरी तो दार ढकलून आत जातो आणि प्रशिक्षक जो स्टायडाहार यांच्यापुढे वही ठेवतो.

तिथला फुटबॉल आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलपेक्षा वेगळा. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, आणि चेंडू बहुतेक हातातच. एक जण लांब फेकतो, दुसरा धावत जाऊन झेलतो. बचावातल्या मागच्या फळीचं काम झेलणाऱ्याला गाठून पाडायचं. जमलं तर चेंडू हवेतच पळवायचा. खेळाडू निवडण्यासाठी तिथे १९३६ पासून ड्राफ्ट भरतो. १९५२ साली बारा संघांनी तीस फेऱ्यांत ३६० नावं पुकारली. तीनशे साठ! त्यांत लेनचं नाव नव्हतं.

प्रशिक्षकांनी वही चाळली आणि त्याला सराव शिबिरात घेतलं. आधी झेल घेणाऱ्यांत उभं केलं. पण त्या जागा टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श या दोघा बड्यांनी अडवल्या होत्या, म्हणून मग त्याला बचावात पाठवलं. फिअर्सच्या खोलीत 'नाइट ट्रेन' नावाची तबकडी सारखी वाजायची आणि लेन तिथे शिकायला जायचा, तेव्हा तेच त्याचं टोपणनाव पडलं. पहिल्याच हंगामात, बारा सामन्यांत, त्याने प्रतिस्पर्ध्यांचे चौदा चेंडू हवेतून पळवले. आता तिथे हंगामात सतरा सामने होतात, तरी तो आकडा अजून कुणाला ओलांडता आलेला नाही. पुढे शिकागो झालं, डेट्रॉइट झालं. १९७४ साली त्या खेळाच्या कीर्तिदालनात त्याचं नाव लागलं.

अशा गोष्टी अमेरिकेला फार प्रिय. जिद्द होती म्हणून जमलं, एवढं म्हणून ते पुढे जातात. तुम्ही मात्र त्या कचेरीच्या दाराशी क्षणभर थांबा. यादीत नाव नव्हतं हे खरं, पण ढकलायला दार होतं. आत पगार देणारा संघ होता, संघामागे स्पर्धा होती, आणि वही चाळण्याचा अधिकार असलेला माणूस खुर्चीवर हजर होता. वडवणी, केज, धाराशिवकडच्या खेळाडू मुलीने कात्रणांची वही घेऊन जायचं कुठे, हा आपला प्रश्न आहे. चला परत.

मराठवाड्यात येताना वाटेत दोन ठिकाणी नुसतं खिडकीतून बघा. १९१४, पुणे, डेक्कन जिमखाना. खो-खोचे नियम कागदावर बसवणं चाललंय. मग १९६०-६१, कोल्हापूर. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इथे भरलीय. पुरुषांची आदल्याच वर्षी विजयवाड्याला झाली होती. म्हणजे या खेळात बायका मागाहून आल्या असं म्हणता येत नाही. फार तर वर्षभराने.

आता उतरा. गाव उस्मानाबाद. धाराशिव हे नाव सरकारदरबारी यायला अजून दीड दशक आहे. साल २००६च्या आसपास. वडवणीहून खऱ्या रस्त्याने आला असतात तर तेलगाव, धारूरचा घाट, केज, कळंब असं करत दिवस गेला असता. मैदान मातीचं आहे. दोन लाकडी खांब रोवलेत, साधारण एकशेवीस सेंटिमीटर उंच. त्यांना जोडणारी वीतभरापेक्षा थोडी रुंद पट्टी फक्कीने आखलीय. पट्टीवर आठ चौकोन, आठ चौकोनांत आठ मुली उकिडव्या बसलेल्या. एकीचं तोंड डावीकडे, तिच्या पुढचीचं उजवीकडे. नववी मुलगी उभी आहे.

तुम्ही कडेला उभे राहून बघणार, एवढ्यात कुणीतरी ओरडतं, "या की आत. पळा जरा."

आत शिरताना नियम ऐकून तुम्हाला धीर येतो. पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा एका दिशेने निघाली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. तुम्हाला सगळं खुलं. कुठूनही घुसा, कुठेही वळा. नऊ जणी बांधलेल्या, तुम्ही मोकळे. मग भीती कसली?

पहिली शिट्टी होते. तुम्ही पाठलाग करणारीकडे बघत पळता, कारण भीती तीच आहे असं वाटतं. ती दोन पावलांवर येते तेव्हा तुम्ही बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे सटकता. सुटलो! तेवढ्यात तुमच्या कानाशी "खो" असा आवाज फुटतो आणि जिच्याकडे तुम्ही पाहिलंही नव्हतं, ती पलीकडे तोंड करून बसलेली मुलगी जमिनीतून उसळल्यासारखी अंगावर येते. तुम्ही खांबाकडे धावता. खांबापाशी तिचा वेग कमी होईल असा तुमचा हिशेब. ती एका हाताने खांब धरते, सगळं अंग आडवं फेकते, आणि तिची बोटं तुमच्या पाठीला लागतात. अर्धं मिनिटही झालेलं नसतं. कोपरं तुमचीच फुटलेली.

आता खाली बसा आणि जिला पळती येते तिला बघा. ती पाठलागाकडे जवळपास बघतच नाही. तिची नजर बसलेल्या मुलींच्या पायांवर असते. कुणाची टाच उचललीय, कुणाचा भार चवड्यावर आलाय, कोण उठायच्या तयारीत आहे आणि कोण नुसतं सोंग आणतंय, हे ती तिथे वाचते. एकेरी साखळी धरते तेव्हा एकीला वळसा, दुसरीला वळसा, नागमोडी, आणि वेग मुद्दाम थोडा कमी. सगळा दम पहिल्या मिनिटात घालवणारीला दुसरं मिनिट दिसत नाही. मग अचानक साखळी मोडून ती रिकाम्या भागात गोल धरते, पाठलाग करणारीला लांब खेचते, खांबापाशी खांद्याने डावीकडची हूल देते आणि उजवीकडून निघून जाते. हात हवेतून जातो. कडेला कुणीतरी घड्याळ धरून सेकंद मोठ्याने मोजतंय. सामन्याच्या बातमीत हिच्या नावापुढे कंसात फक्त वेळ छापून येईल, दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. ही कसबाची गोष्ट आहे, आणि कसब पाहायला वर्तमानपत्राचा माणूस जिल्ह्याच्या मैदानावर सहसा येत नाही.

याच मैदानावर तेरा वर्षांच्या वयात सारिका काळे आली. तिच्या घरची परिस्थिती तिने स्वतःच पुढे मुलाखतीत सांगितली आहे, म्हणून इथे लिहिता येते. वडिलांना प्रकृतीमुळे फारसं कमावता येत नव्हतं. आई शिवणकाम आणि घरकाम करायची. घर चालायचं ते आजी-आजोबांवर. जवळजवळ दहा वर्षं तिने दिवसातून एक वेळ जेवून खेळ खेळला. चांगलंचुंगलं अन्न मिळायचं ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. तुम्ही आत्ताच अर्धं मिनिट पळून बसलात, पोटात सकाळची भाकरी आहे आणि तरी धाप थांबत नाही. आता एका वेळच्या जेवणावर रोजच्या सरावाचा हिशेब मांडून बघा. शिबिराला निवड होणं म्हणजे तिच्यासाठी मान होता तसं ते दोन वेळचं जेवणही होतं.

पुढची उडी दहा वर्षांची. फेब्रुवारी २०१६, गुवाहाटी. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खो पहिल्यांदाच आलाय आणि भारताच्या महिला संघाची कर्णधार सारिका काळे आहे. अंतिम सामना बांगलादेशाशी. भारत सुवर्ण जिंकतो. छायाचित्रात सगळ्या हसताहेत. छायाचित्राबाहेरचं तुम्हाला ठाऊक हवं. याच काळात घरच्या ओढाताणीने ती इतकी खचली होती की खेळ सोडायचं तिच्या मनात आलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव आणि आजी यांच्या समजावण्याने ती मैदानावर टिकली. सुवर्णपदक मिळवणारी कर्णधार पोटापाण्याच्या काळजीने खेळ सोडायला निघते, यात तिच्या जिद्दीची गोष्ट शोधण्यापेक्षा व्यवस्थेचा हिशेब शोधलेला बरा. कबड्डीत तोवर प्रो कबड्डी सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती. २०१४च्या पहिल्याच लिलावात राकेश कुमारला पाटण्याने बारा लाख ऐंशी हजारांना घेतलं होतं. खो-खोत पुकारायला यादीच नव्हती.

२९ ऑगस्ट २०२०. कोरोनामुळे राष्ट्रपती भवनात नेहमीचा सोहळा नाही. पुरस्कार पडद्यावरून दिले जाताहेत. सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळतो. खो-खोला याआधी तो १९९८ साली शोभा नारायण यांच्या रूपाने मिळाला होता, म्हणजे मध्ये बावीस वर्षं कोरडी. सारिका तोवर तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झालेली आहे. आमच्याकडे खेळाडूचं व्यावसायिक होणं ते हे. ड्राफ्ट नाही, करार नाही, सरकारी नोकरी. ती मिळाली तर खेळ टिकतो. न मिळालेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

आता बालेवाडी. १४ ऑगस्ट २०२२ ते ४ सप्टेंबर. इथे रेंगाळू नका, दिवे फार आहेत. अल्टिमेट खो-खो नावाची लीग सुरू झालीय. सहा संघ आहेत आणि खेळाडूंचा रीतसर ड्राफ्ट झालाय. माती गेली, मॅट आली. पाठलाग करणाऱ्यांत एक 'वजीर' आला, ज्याला दोन्ही दिशांना पळता येतं. आणि एक गोष्ट संरक्षकाच्या बाजूची झाली. तिघांची तुकडी ठरावीक वेळेच्या पुढे टिकली की पळणाऱ्याला गुण. तोवर पळणारा फक्त समोरच्याचे गुण रोखायचा, आता तो स्वतः मिळवू लागला. अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू योद्धाज संघाला ४६-४५ असं हरवलं, सूरज लांडेच्या शेवटच्या झेपेवर. आमच्या खेडोपाडच्या पोरांना पहिल्यांदाच खेळण्याचे लाखांत पैसे मिळाले. कुणी नाक मुरडलं, खेळाचा तमाशा केला म्हणून. मला तसं वाटत नाही. एक वेळ जेवून खेळणाऱ्याला मातीच्या शुद्धतेचं कौतुक सांगू नये.

पण आता खेळाडूंच्या याद्या हातात घ्या आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवा. एकही मुलगी नाही. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये कटकला दुसरा हंगाम झाला, गुजरात जिंकलं, तीही यादी घ्या. नाही. लेनच्या वेळी ३६० नावं पुकारली गेली आणि तो राहिला. इथे मुलींचं एकही नाव पुकारायला कुणी बसलंच नाही.

त्या न पुकारलेल्यांत प्रियांका इंगळे आहे. मूळ गाव कळंबआंबा, तालुका केज, आपला बीड जिल्हा. वडवणीपासून धारूरच्या घाटापलीकडचंच. घर पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेलं आणि तिचा खेळ पिंपरी-चिंचवडमध्ये घडला, अविनाश करवंदे यांच्या हाताखाली. बीड जिल्ह्याला यात नवल नाही. इथला माणूस फुलतो तो बहुधा जिल्ह्याबाहेर गेल्यावर. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं तेच झालं. तो लष्करात गेला, मग स्टीपलचेस आली. प्रियांकाने लहान गटात देशातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून इला पुरस्कार घेतला आणि मोठ्या गटात राणी लक्ष्मीबाई पुरस्कार. २०२३ साली आसाममध्ये तामुलपूरला झालेल्या चौथ्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. ही तिची कात्रणांची वही. दाखवायला कचेरी नव्हती, म्हणून ती खेळत राहिली.

१९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्ली, इंदिरा गांधी स्टेडियम. खो-खोचा पहिला विश्वचषक. बाहेर थंडी आहे, आत मॅटवर दिव्यांचा लखलखाट. महिलांच्या एकोणीस संघांतून आता दोन उरलेत, भारत आणि नेपाळ. इथवर येताना भारताने दक्षिण कोरियाला १७५-१८ असं उडवलं, इराण आणि मलेशियाविरुद्ध प्रत्येकी शंभर गुण केले, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशाला १०९-१६ असं हरवलं, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६-१६. कर्णधार प्रियांका इंगळे. तुम्ही कडेच्या खुर्चीवर बसा आणि हातात पेन घ्या, कारण हा सामना आकड्यांत नीट कळतो.

पहिला डाव भारताच्या आक्रमणाचा. ३४-०. एका गड्याचे दोन गुण, म्हणजे सात मिनिटांत सतरा गडी. प्रेक्षक मोकळे झाले. दुसऱ्यात नेपाळच्या मुली पाठलागाला उतरल्या आणि स्टेडियम गप्प होऊ लागलं. या मुलींना खेळ येतो, कोरियासारख्या नवख्या नाहीत. भारताच्या तुकड्या फुटत गेल्या. ३५-२४. भारताचा तो जादा एक गुण कुठून आला ते लक्षात ठेवा. पळतीतून, वेळेच्या पुढे टिकलेल्या तुकडीचा. तिसऱ्यात पुन्हा भारताचं आक्रमण, आणखी अडतीस गुण. ७३-२४. आता नेपाळला शेवटची सात मिनिटं. एकोणपन्नास गुण भरून काढणं अवघडच, पण मॅटवर अवघड आणि अशक्य यांत अंतर असतं. दुसऱ्या डावात याच मुलींनी बारा जणींना बाद केलं होतं.

चौथा डाव. भारताच्या तिघी आत शिरतात. त्यांत चैत्रा बी. आहे, मैसूरकडच्या खेड्यातली. उस्मानाबादच्या मातीत तुम्ही जे पाहिलंत तेच आता मोठ्या पडद्यावर बघा. नजर बसलेल्यांच्या पायांवर. वेग राखलेला. खांबापाशी खांद्याची हूल. नेपाळची मुलगी सूर मारते, मॅटवर घसरते, बोटं आणि पाठ यांत चार अंगुळांचं अंतर राहतं. एक मिनिट. दोन मिनिटं. घड्याळाच्या काट्याबरोबर प्रेक्षकांचा आवाज चढतो, कारण आता सगळ्यांना कळलंय की सामना इथे, गुण न देण्यात, संपतोय. तीन मिनिटं झाली, भारताला एक गुण. साडेतीन, दुसरा. चार. साडेचार. पाच. तुमच्या शेजारचा माणूस खुर्चीवर उभा राहिलाय. पाच मिनिटं चौदा सेकंदांनी ती तुकडी संपते, तेव्हा फलकावर भारताचे अठ्ठ्याहत्तर झालेले असतात आणि नेपाळच्या हाती पावणेदोन मिनिटं उरलेली. ७८-४०. चषक प्रियांका उचलते. सामन्याची सर्वोत्तम खेळाडू चैत्रा ठरते, म्हणजे पळणारी.

थोड्या वेळाने पुरुषांचा अंतिम सामना होतो, तोही नेपाळशी, ५४-३६. कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर. तो लीगमध्ये तेलुगू योद्धाजचा कर्णधार होता. एकाच मैदानावर, एकाच रात्री, दोन जगज्जेते कर्णधार, दोघेही महाराष्ट्राचे. एकाला लीग आहे. दुसरीला नाही.

लगेच उठू नका, पुढचे काही दिवसही बघून घ्या. सत्कार, मिरवणुका, हार. महाराष्ट्र सरकारने आपल्या विश्वविजेत्यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि नोकरी देण्याचं ठरवलं. शेजारच्या कर्नाटकाने आपल्या दोघांना, चैत्रा आणि एम. के. गौतम यांना, पाच लाख देऊ केले. दोघांनी ते नाकारले आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवलं. आपल्या राज्याचं कौतुक होताना ऐकून छाती फुगते, फुगू द्या. हे पैसे मुलींच्या हक्काचेच आहेत. फक्त एवढं ध्यानात घ्या की बक्षीस जगज्जेतीला मिळतं. संघात निवड न झालेली सोळावी, सतरावी, पन्नासावी मुलगी, जी राज्यासाठी खेळते, दोन-अडीच मिनिटं पळते आणि बातमीत कंसात राहते, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. तिच्यापर्यंत पोचते ती लीग. सहा संघांची लीग म्हणजे शंभरावर मुलींना वर्षातून काही आठवडे तरी खेळण्याचा मोबदला. त्यातून राहिलेल्या मुली चाचणीला परत येतील, वही घेऊन येतील, भांडतील. लेनने केलं ते करायला त्यांना निदान पत्ता तरी मिळेल.

मुलींकडे खेळ नाही, प्रेक्षक नाहीत, अशी सबब आता चालणार नाही. दिल्लीत दोन्ही होतं. उरला तो प्रश्न पैसे लावणाऱ्यांचा आणि महासंघाचा. पुरुषांच्या लीगचे पहिले दोन हंगाम झाले आणि दोन्हींत मुलींना जागा नव्हती. पुढचा हंगाम जेव्हा होईल, तेव्हा महिलांच्या संघांशिवाय त्याला मैदान देऊ नये, असं राज्य सरकारने सांगायला हवं. बालेवाडीचं मैदान सरकारचं आहे, तेव्हा सांगणं अवघड नाही.

आणि तुम्ही वडवणीचे असाल तर तुमच्यासाठी एक काम आहे. शाळेच्या शिक्षकांना भेटा. मैदानावर खांब आहेत का विचारा. नसतील तर दोन लाकडी खांब आणि पोतंभर फक्की यांचा खर्च गावाला जड नाही. टोळ्या निघतात त्या आधी, सप्टेंबरातच, ज्या मुली मैदानावर येतात त्यांची नावं लिहून घ्या. त्या हंगामभर आजीकडे किंवा वसतिगृहात कशा राहतील ते त्यांच्या आईबापांशी आणि मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा. मुकादम दसऱ्याची वाट बघत बसत नाही. तुम्हीही बसू नका.